गाठ सापडल्यानंतरचे साठ दिवस

(कल्याणजवळच्या मोहने येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या व्याख्यानाचा विषय पत्रकावर ‘स्तनाच्या कर्करोगावरील नवे संशोधन’ असा छापला आहे. असा विषय वाचला की माणूस नवे इंजेक्शन, नवे यंत्र, फार तर संगणकाने वाचलेला एक्स-रे अशी काही अपेक्षा धरून येतो. त्यात गैर काही नाही. या गोष्टी खऱ्या आहेत आणि पुढे त्यांच्याविषयी बोलणारही आहे. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या आजारावर जे मोठे अभ्यास झाले ते एकापुढे एक ठेवून वाचले, तर मोहन्यासारख्या गावासाठी त्यांतून निघणारा निष्कर्ष जरा वेगळा आहे, आणि तोच आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. बाईच्या छातीतली गाठ कोणी शोधली, कशाने शोधली, याला महत्त्व आहेच. त्याहून जास्त महत्त्व आहे ते गाठ सापडल्यापासून निदानापर्यंत आणि निदानापासून शेवटचा उपचार पुरा होईपर्यंतची तिची वाट सलग आहे की नाही याला. वाट सलग असेल तर दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकेची बोटेसुद्धा जीव वाचवू शकतात. ती मध्येच तुटत असेल, तर महागातले महाग यंत्र फक्त वाईट बातमी देऊन मोकळे होते.

आधी आकडे, थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज असा की भारतात त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या आजाराने दगावल्या. अमेरिकेत २०२४ साठीचा अंदाज सुमारे ३ लाख १० हजार नव्या रुग्णांचा आणि सुमारे ४२ हजार मृत्यूंचा होता. दोन देश असे शेजारी ठेवताना जपायला हवे. तिकडे मॅमोग्राफीमुळे अगदी बारीक, कधी कधी आयुष्यात त्रास न देणाऱ्या गाठीही मोजणीत येतात, त्यामुळे त्यांचा भागाकार आपोआप बरा दिसतो. ही सूट दिली तरी फरक उरतोच. आपल्याकडे दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, तिकडे सातांमागे एक. आजार तोच, बहुतेक औषधे तीच, आणि आपले सर्जन कुठल्याही देशातल्या सर्जनच्या बरोबरीचे. मग बाई हरते कुठे?

या प्रश्नाचे उत्तर तीन शहरांतल्या तीन मोठ्या प्रयोगांत सापडते. पहिले शहर शांघाय. मोहन्यासारख्या कारखान्याच्या गावाने लक्ष द्यावे असा हा प्रयोग आहे, कारण तो कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांवर झाला. १९८९ ते १९९१ या काळात तिथल्या ५१९ कारखान्यांतल्या २ लाख ६६ हजारांहून अधिक कामगार स्त्रिया त्यात घेतल्या. निम्म्या कारखान्यांत स्त्रियांना स्वतःची छाती स्वतः कशी तपासायची ते शिकवले. नुसती पत्रके वाटली नाहीत, नमुन्यांवर सराव करून घेतला, देखरेखीखाली पुन्हा पुन्हा करून घेतले. उरलेल्या कारखान्यांत हे काही केले नाही. २००२ साली निकाल छापून आला तेव्हा शिकवलेल्या गटात या कर्करोगाने १३५ मृत्यू झाले होते आणि न शिकवलेल्या गटात १३१. फरक काहीच नाही. उलट शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. याचा अर्थ स्वतःच्या शरीराकडे लक्ष देऊ नये असा कोणी घेऊ नये. गाठ लागली, बोंड आत ओढले गेले, रक्ताळ स्राव आला, तर त्याच आठवड्यात दाखवायलाच हवे. अर्थ एवढाच की ‘दर महिन्याला आरशासमोर उभ्या राहा’ असे सांगून जबाबदारी बाईवर टाकणाऱ्या जाहिरातींच्या पाठीशी पुरावा नाही. गुलाबी फिती लावून केलेल्या बऱ्याच कार्यक्रमांची धाव मात्र एवढ्यावरच संपते.

दुसरे शहर मनिला. १९९० च्या दशकाच्या मध्यात फिलिपाइन्सच्या या राजधानीत परिचारिका आणि सुईणींना शिकवून त्यांच्याकडून ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांची हाताने तपासणी करायचे ठरले. सुमारे १ लाख ५१ हजार स्त्रियांना त्यांनी विचारले आणि दहापैकी नऊ जणींनी तपासणी करूनही घेतली. कुठल्याही आरोग्य खात्याने छाती फुगवून सांगावा असा हा आकडा आहे. त्यांतल्या ३,४७९ जणींच्या छातीत काहीतरी संशयास्पद लागले. यापुढचा आकडा वाचताना थांबावे लागते. या ३,४७९ पैकी निदानाच्या पुढच्या तपासण्या पुऱ्या झाल्या त्या १,२२० जणींच्या, म्हणजे अवघ्या ३५ टक्क्यांच्या. सुमारे ४२ टक्के बायकांनी कार्यकर्त्या घरी जाऊन विनवण्या करत असतानाही पुढे जायला नकार दिला, आणि बाकीच्यांचा पत्ताच लागला नाही. ती तपासणी पहिल्या फेरीनंतर बंद करावी लागली. गाठ सापडली होती, शोधणारी बाई शिकलेली होती, तपासणी फुकट होती. तरी वाट पहिल्या वळणावरच संपली.

तिसरे शहर मुंबई, आणि हा अभ्यास आपण आपला म्हणून नीट वाचावा असा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईतल्या गरीब वस्त्यांचे वीस गट केले. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यांत होत्या. दहा गटांत दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविका वस्तीत येऊन स्तनांची हाताने तपासणी करत. त्याच वेळी गर्भाशयाच्या मुखाची व्हिनेगर लावून तपासणी होई. उरलेल्या दहा गटांत सुरुवातीला एकदा कर्करोगाची माहिती दिली, आणि पुढे कोणाला आजार झाला, कोण दगावले, याची नोंद ठेवली. सेविका डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, चांगले बोलता येणाऱ्या, काही आठवडे शिकवून तयार केलेल्या बायका होत्या. त्या काय करत ते सांगायला हवे, कारण ‘हाताने तपासणी’ म्हटले की लोकांना दोन सेकंदांचा उपचार वाटतो. आधी नुसते पाहायचे: बाईला हात वर करायला लावून दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, त्वचा कुठे खेचली गेली आहे का, संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत झाली आहे का. मग मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, गळ्याच्या हाडापासून खाली उभ्या पट्ट्या पाडत, प्रत्येक जागी आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत जायचे, आणि शेवटी काख. घाई न करता. एवढेच.

वीस वर्षांनंतर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल आला. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत निदान होण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या गटात १५ टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत ही घट जवळजवळ ३० टक्के होती. जगात हाताच्या तपासणीने मृत्यू कमी होतात का, हे एवढ्या मोठ्या आणि एवढ्या लांब मुदतीच्या अभ्यासाने पाहण्याचे काम टाटांच्या या मंडळींनी केले. आणि ते मॅमोग्राफीच्या गाड्या परवडणाऱ्या देशात न होता आपल्या झोपडपट्ट्यांत झाले.

आता आक्षेप. पहिला संख्याशास्त्र जाणणाऱ्यांचा आहे आणि तो खरा आहे. १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीला जेमतेम कमी पडते. योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता पुरेशी खाली आली नाही. ३० टक्क्यांचा आकडा कसोटीला उतरतो, पण वयानुसार ती फोड निकाल हातात आल्यावर केलेली आहे, आधी ठरवून नव्हे. अशा फोडीवर आंधळा विश्वास ठेवू नये हे शास्त्राचे शहाणपण आहे आणि मी ते मोडीत काढणार नाही. तरी तीन गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात: आजार लवकरच्या अवस्थेत सापडला, मृत्यू घटले, आणि पन्नाशीनंतर, जिथे पाश्चात्त्य देशांत मॅमोग्राफीचाही फायदा स्पष्ट दिसतो, तिथे घट सर्वांत जास्त आहे. केरळात तिरुवनंतपुरमला १ लाख १५ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या तशाच अभ्यासातही लवकरच्या अवस्थेतली निदाने वाढलेली दिसली होती. धोरण ठरवणाऱ्याला शंभर टक्के खात्रीची वाट पाहता येत नसते. मुंबईच्या अभ्यासावर आणखी एक टीका झाली ती नैतिक होती: गर्भाशयमुखाच्या तपासणीचा फायदा दिसू लागल्यावरही दुसऱ्या गटातल्या बायका तपासणीविना का ठेवल्या, हा प्रश्न भारतात आणि परदेशात तीव्रपणे विचारला गेला. तो विचारला जाणे योग्यच होते. पण ज्या बायकांनी वीस वर्षे आपली नोंद होऊ दिली त्यांच्यामुळे हाती आलेली माहिती आपण न वापरणे, हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय ठरेल.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ‘पन्नाशीच्या आत या तपासणीचा फायदा दिसत नाही, आणि आमच्या बायकांना तर हा आजार तरुणपणीच होतो, मग काय उपयोग?’ भारतातली रुग्ण पाश्चात्त्य रुग्णापेक्षा साधारण दहा वर्षांनी तरुण असते हे बरोबर आहे. मात्र त्याचे एक मोठे कारण आपल्या देशात तरुण बायकाच जास्त आहेत हे आहे. एखाद्या स्त्रीपुरता धोका इथेही वयाबरोबर वाढतच जातो. चाळीसच्या आतबाहेरच्या बाईच्या स्तनाची ऊती दाट असते, तिच्यात बोटांनाही गाठ पटकन कळत नाही आणि मॅमोग्राफीलाही. तिथे सोनोग्राफीची मदत होते. तेव्हा पन्नाशीच्या आतल्या बाईसाठी नियम सोपा ठेवावा: दर दोन वर्षांनी तिला बोलावून तपासण्यापेक्षा, ती स्वतःहून ‘इथे काहीतरी लागतंय’ म्हणून आली की तिला एक दिवसही परत पाठवू नये. ‘दुधाची गाठ असेल’, ‘पाळीच्या आधी असं होतं’, ‘दुखत नाही ना, मग सोडा’ ही वाक्ये तिला घरात ऐकू येतात तशी दवाखान्यातही ऐकू येतात. न दुखणे हीच तर या आजाराची सुरुवातीची रीत आहे. तरुण बायकांच्या बहुतेक गाठी साध्या निघतात, हेही तेवढेच खरे. म्हणून भीती घालायची नाही, फक्त सोनोग्राफी आणि लागल्यास सुईची तपासणी करून विषय मिटवायचा.

तिसरा आक्षेप राजकीय आहे आणि तो टाळ्या घेतो: ‘श्रीमंतांना यंत्र आणि गरिबांना बोटे का?’ मॅमोग्राफीचे यंत्र मोहन्याला आले तर मला आनंदच होईल. पण यंत्राचा हिशेब डोळे उघडे ठेवून करावा. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीला बोलावतात. तिथल्या तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीने २०१२ साली सांगितले की यामुळे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटतात. आणि वाचवलेल्या प्रत्येक जिवामागे साधारण तीन स्त्रियांना अशा कर्करोगाचे उपचार घ्यावे लागतात ज्याने त्यांना कधीच त्रास दिला नसता. कॅनडाच्या अभ्यासात तर पंचवीस वर्षांनंतरही मॅमोग्राफीने, हाताच्या चांगल्या तपासणीच्या तुलनेत, मृत्यू घटलेले दिसले नाहीत. त्या अभ्यासावर वाद आहेत. मॅमोग्राफी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली चाळीशीपासूनच दर दोन वर्षांनी ती करावी असा सल्ला दिला आहे, आणि स्वीडनमधल्या ८० हजार स्त्रियांच्या अभ्यासात संगणकाची मदत घेतल्यावर फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरांचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. पण हे सारे अशा देशांत चालते जिथे संशयास्पद फिल्मनंतरची प्रत्येक पायरी आधीच बांधलेली आहे. आपल्याकडे गाडी येते, एका दिवसात शंभर फिल्मा निघतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि महिन्याने आलेला अहवाल कोणाच्या तरी फोनवर पडून राहतो. शरीराच्या उष्णतेचे रंगीत चित्र काढून कर्करोग शोधण्याच्या शिबिरांबद्दल तर स्पष्टच सांगतो: त्याने मृत्यू कमी होतात असे दाखवणारा कुठलाही मोठा अभ्यास नाही.

आता गाठ सापडल्यानंतरच्या वाटेकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली स्तनाच्या कर्करोगासाठी तीन आकडे ठरवले: किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत, तक्रार घेऊन आल्यापासून ६० दिवसांत निदान, आणि सुरू केलेले उपचार पुरे करणाऱ्या किमान ८० टक्के. या तिघांत पहिल्या आकड्याचीच चर्चा होते, कारण तो शिबिरांत दिसतो. दुसरा आणि तिसरा आकडा आपल्याकडे कुणी मोजतच नाही. ‘गाठ वर्षभर छातीत होती, दोन महिन्यांनी काय बिघडतं?’ असे कुणी विचारील. २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्येच वेगवेगळ्या देशांतल्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले, त्यात स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली तर मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो असे दिसले. पुढच्या प्रत्येक चार आठवड्यांना तेवढीच भर.

मोहन्याच्या बाईचे चार आठवडे कसे जातात ते डोळ्यांपुढे आणा. पहिला आठवडा जवळच्या दवाखान्यात गोळ्यांत जातो. मग सोनोग्राफी, ती कल्याणला. अहवालात ‘संशयास्पद, बायोप्सी करावी’ असे लिहून येते. इथे घरात तो जुना समज उभा राहतो की सुई टोचली, सुरी लागली की रोग पसरतो. त्याला कुठलाही आधार नाही. उलट ट्रू-कट सुईने तांदळाच्या दाण्याहून बारीक असे चार-पाच तुकडे काढून तपासल्याशिवाय या आजाराचा उपचार ठरवताच येत नाही. गाठीला संप्रेरकांची भूक आहे का, हर-२ नावाचे प्रथिन जास्त आहे का, हे त्या तुकड्यांवरच कळते. याच टप्प्यावर सर्वांत मोठे नुकसान होते ते वेगळ्याच कारणाने. एखाद्या लहान रुग्णालयात ‘छोटीशी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून ती काढली जाते, आणि कधी कधी ती फॉर्मालिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीकडे पाठवलीच जात नाही. पाठवली तर मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स कुठे आहेत हे पुढे कुणाला सांगता येत नाही. मग बाई टाटाला पोहोचते, फाइल काढते, आणि तिथे पहिला प्रश्न येतो: ब्लॉक आणलाय का? परत कल्याण. आणखी पंधरा दिवस.

मोहन्याजवळच्या आंबिवलीहून परळच्या टाटापर्यंत म्हणजे टिटवाळा किंवा कसारा लोकल, गर्दीत दीडेक तास, दादरला बदल. एरवी हा प्रवास इथला नोकरदार रोज करतो, पण केमो घेतलेल्या बाईला तो परतीचा करायचा असतो. केमोची एक रूढ पद्धत अशी: दर तीन आठवड्यांनी चार डोस, मग दर आठवड्याला बारा. म्हणजे नुसत्या केमोच्या सोळा फेऱ्या, त्याही रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तर. कमी निघाल्या तर ‘पुढच्या आठवड्यात या’. मग शस्त्रक्रिया, नळी काढायला फेरी, आणि किरणोपचारांच्या एके काळी पंचवीस, आता बहुधा पंधरा बैठका, रोज. सोबत कोणीतरी लागते, म्हणजे दोघांचा रोज बुडतो. परळ-दादर भागातल्या संत गाडगे महाराजांच्या धर्मशाळेने, नाना पालकर स्मृती समितीने हजारोंना आसरा दिला. पण घरात शाळेत जाणारी मुले असलेली बाई महिनाभर तिथे राहू शकत नाही. उपचार अर्धवट सोडणाऱ्या बाईला ‘अडाणी’ म्हणण्याआधी हा हिशेब मांडावा. मोहन्यातला एनआरसीचा रेयॉन कारखाना चालू होता तेव्हा ईएसआय या कामगार विम्याच्या कक्षेतल्या कामगाराच्या बायकोला निदान एक ठरलेली चिठ्ठी आणि पुढचे ठरलेले रुग्णालय तरी होते. २००९ साली एनआरसी बंद पडली तेव्हा पगाराबरोबर ही चिठ्ठीही गेली, आणि थकलेल्या देण्यांच्या गलक्यात त्या नुकसानाचा हिशेब कुणी केला नाही.

नव्या संशोधनाची खरी गोडी मला इथे दिसते, कारण गेल्या काही वर्षांतले चांगले शोध वाट आखूड करणारे आहेत. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड अभ्यासात ४,०९६ रुग्णांवर दिसले की किरणोपचारांच्या पंधरा बैठकांऐवजी एका आठवड्यात पाच दिल्या तरी पाच वर्षांनी आजार उलटण्याचे प्रमाण वाढत नाही. सगळ्यांना हे लागू नाही, पण जिला लागू आहे तिच्या दहा फेऱ्या वाचतात. टाटांच्या डॉ. बडवे यांनी देशातल्या अकरा केंद्रांतल्या सुमारे सोळाशे स्त्रियांवर आणखी साधा प्रयोग केला: शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचायचे. दात काढताना वापरतात तेच भूल देण्याचे औषध. २०२३ साली छापलेल्या निकालात पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण लिग्नोकेनच्या गटात ९०.१ टक्के होते, दुसऱ्या गटात ८६.४. खर्च नगण्य. टाटाच्याच डॉ. सुदीप गुप्ता यांच्या गटाने ‘ट्रिपल निगेटिव्ह’ या चिवट प्रकारात कार्बोप्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध जोडल्यावर विशेषतः पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांचे आयुष्य वाढते असे दाखवले. आपल्या तरुण रुग्णांसाठी ही मोठी गोष्ट आहे. हर-२ जास्त असलेल्या रुग्णांचे ट्रास्टुझुमॅब हे औषध एके काळी लाखांत जाई. २०१३ च्या अखेरीस भारतात त्याच्या पहिल्या जैव-समान औषधाला परवानगी मिळाली आणि किमती उतरू लागल्या. याच्या पुढच्या पिढीची औषधे आजही महाग आहेत. २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यांतल्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅनवरचे सीमाशुल्क काढले तरी सामान्य घराच्या ती आवाक्याबाहेरच आहेत. मात्र इथे एक सांगावे लागते: दुसऱ्या अवस्थेत आलेल्या आणि उपचार पुरे केलेल्या बहुतेक रुग्णांना ही महाग औषधे लागतच नाहीत. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या गाठींसाठी रोज एक टॅमॉक्सिफेन, पाच वर्षे, हाच अजून मोठा आधार आहे, आणि ती गोळी स्वस्तातली आहे. ती मध्येच सोडली जाते, हे दुखणे.

पैशाचा आक्षेप कोणी घेईल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार येतात, आणि ती आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली आहे. अडचण बहुतेक वेळा योजनेच्या काठावर असते: निदानाच्या आधीची सोनोग्राफी, बायोप्सी, प्रवास, बुडालेला रोज. म्हणजे नेमके ते दिवस जे आपण मोजत नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे काढण्याची घोषणा झाली. ती प्रत्यक्षात आली आणि टाटाने आखलेली केमो ठाणे जिल्ह्यातच देता आली, तर आंबिवलीच्या बाईच्या सोळांपैकी बऱ्याच फेऱ्या परळपर्यंत जाणार नाहीत.

शेवटचा आक्षेप आशाताईंच्या बाजूचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. तीस वर्षांपुढच्या प्रत्येक व्यक्तीचा सीबॅक नावाचा आजारांच्या चाचपणीचा फॉर्म त्यांनीच भरायचा; त्यात छातीत गाठ, बोंडातून रक्त, आकारात बदल हे प्रश्न आहेत. गरोदर बायका, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षण, वर मोबाइलमधली अ‍ॅप्स. ऑक्टोबर २०२३ मध्ये मानधनासाठी त्यांना संप करावा लागला. २०२२ च्या ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ आणि २०२५ च्या ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ या मोहिमांचाही भार त्यांच्याच खांद्यावर आला. एवढे करूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया देशात एक टक्कासुद्धा नव्हत्या. तेव्हा आशाताईंवर आणखी एक तपासणी लादू नये असेच माझे मत आहे. हाताची तपासणी नागरी आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने ठरलेल्या वारी करावी, तिला ती नीट शिकवावी, आणि त्या कामाचा वेळ तिच्या दिवसातून काढून द्यावा. मुंबईच्या अभ्यासातल्या सेविकांचे नेमलेले काम हेच होते, हे विसरून त्या निकालाची नक्कल करता येणार नाही.

आणि एक वही लागेल. १९८७ पासून बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. रुग्ण दवाखान्यापर्यंत येण्याची वाट न पाहता तिथले कर्मचारी गावोगाव जाऊन चौकशी करत. ते नोंद करायला जात. पण त्या येण्याजाण्याने बायकांना माहिती मिळत गेली आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, असे तिथल्या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडले. कल्याण-डोंबिवली महापालिकेला याहून लहान सुरुवात करता येईल. मोहन्याच्या केंद्रात एकच वही, पाच रकाने: गाठ प्रथम नोंदवल्याची तारीख, बायोप्सीचा अहवाल आल्याची तारीख, उपचार सुरू झाल्याची तारीख, शेवटच्या उपचाराची तारीख, आणि टॅमॉक्सिफेन चालू आहे की नाही. पहिल्या दोन तारखांत साठांहून जास्त दिवस गेले असतील तर त्या ओळीत का गेले ते परिचारिकेने एका वाक्यात लिहायचे, आणि ती वाक्ये दर महिन्याला वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांनी वाचायची. सोनोग्राफीची रांग, हरवलेला ब्लॉक, नवऱ्याची परगावची नोकरी, बंद लिफाफ्यात पडून राहिलेले अहवाल: कारणे फार वेगवेगळी निघणार नाहीत, आणि त्यांतली निम्मी तरी कल्याणातच सुटण्याजोगी असतील.